मागून घेतलेला तुकडा

सत्यम दोस्ता,

हे पत्र टपालात पडणार न्हाई, म्हणूनच खरं लिहून राहिलो.

मी लातूरचा लिंगायत, आमच्यात मासा-मटण वर्ज्य. पहिल्यांदाच नांदेडला तुझ्या घरी आलो आन् गोदावरीचा मासा मीच मागितला. गळ्यातलं इष्टलिंग काढून तुझ्या आईजवळ, केवळामावशीजवळ ठेवायला दिलं. मावशी काटे काढून देत होती. दुसरा तुकडाबी मी मागून घेतला.

तेवढ्यात मला न्यायला माझे शिवप्पाकाका आले. ताट बघून त्यांचं डोकं फिरलं. मी भेलो आन् म्हणलो, "यांनी फसवून खाऊ घातलं."

काकांनी गाडीतला पाना आणला. तुझं डोकं फुटलं, रक्त रश्श्यात सांडलं. दुसरा घाव मावशीनं हातावर झेलला. तिची बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला, तरी गप बसलो.

मी आपखुशीनं काढून दिलेलं ते लिंग तिनं नुसतं पुढं केलं असतं, तर माझं खोटं उघडं पडलं असतं आन् काकांनी तुला सोडून मला झोडपलं असतं. तिनं तोंड उघडलं न्हाई.

लातूरला येऊन माझी पिशवी उघडली, तर लिंग आत होतं, धुतलेल्या रुमालात बांधलेलं. गाठीवर दातांच्या खुणा होत्या.

ती गाठ अजून सोडू न शकलेला,
रविकिरण