मेव्हिसला किती लागलं

ग्रिम्सबी, गुरुवार

प्रिय मेव्हिस,

तू बरी असशील, तुझा तो ट्रम्पेट फुंकणारा नवराही बरा असेल. माझे गुडघे धरलेत, पण मासळी साफ करायला गुडघे लागत नाहीत, तेव्हा चाललंय. तू पत्र लिहीत नाहीस, मीही लिहीत नाही, म्हणून रीतभात इथंच आटपते.

माझा भाडेकरू झिगमंट तुला माहीत नाही. पोलंडचा, लढाईनंतर इकडेच राहिलेला. बर्फाच्या कारखान्यात काम करतो, माझा उकडलेला कोबी मागून घेतो (असा माणूस दुसरा पाहिला नाही) आणि इंग्रजी शिकतो. तिथंच माझं डोकं उठतं. शब्द त्याला सगळे येतात, त्यांना लावलेली शेपटं येत नाहीत. 'गिव्ह' म्हणजे देणं, तर 'गिव्ह अप' म्हणजे वर देणं का नाही? मला काय ठाऊक! शेपटं शिकवायच्या आधीच मी शाळा सोडली.

मागे त्यानं कपाटावरचा तुझा फोटो पाहिला. मी म्हटलं, ही माझी बहीण, डॅडशी 'फॉल आउट' झालं तेव्हापासून येत नाही. झाला की घोटाळा! मला म्हणायचं होतं भांडण, यानं धरलं फॉल म्हणजे पडणं, आउट म्हणजे बाहेर. खिडकीतून खाली वाकून बघून मला विचारतो, "किती लागलं हो तिला?" हसणार होते, पण तोंडातून "खूप" निघालं. "आणि म्हाताऱ्याला?" "त्यालाही." (हो, त्यालाही. तू दार आपटून गेलीस. तुझी ताटली त्यानं कुणाला उचलू दिली नाही, ते मी पाहिलं.) रात्री जेवताना झिगमंटला आठवलं, पलटणीत रांग मोडायला हाच हुकूम देत. म्हणाला, "पण मग 'फॉल इन' म्हणतात आणि सगळे परत रांगेत येतात. तुमच्यात ते कुणी म्हटलं नाही का?" मी म्हटलं, गप कोबी खा.

डॅड छातीच्या दुखण्यानं इस्पितळात होता. झिगमंट त्याच्याशी डॉमिनो खेळायला जाई. एकदा डॅड त्याला म्हणाला, मला मेव्हिसशी 'मेक अप' करायचंय. म्हणजे गोडी करायचीय गं! या शहाण्यानं बाजारातून तोंडाला लावायच्या पावडरीचा डबा नेऊन डॅडच्या हातात ठेवला. गुलाबाच्या चित्राचा. डॅड इतका हसला की खोकला आवरेना, नर्सनं दोघांना झापलं. मग म्हणाला, "असू दे. हेही चालेल. मेव्हिसला दे, माझ्याकडून म्हणून."

तुझी बहीण,
नेली

ता. क. डॅड मंगळवारी गेला. हे वरच लिहायचं होतं, पेन वळेना. पाद्रीबाबा म्हणतात, 'पास अवे' झाला. शाळेत एकदाही पास न झालेला माणूस! मेला म्हणा की सरळ. सोमवारी सकाळी दहाला पुरायचंय.

दुसरा ता. क. डबा पोस्टानं पाठवणार नाही. वास घ्यायला डॅडनं झाकण उघडलं, तेव्हा त्याचा अंगठा पावडरीत उमटलाय. गाडीत हलला की ठसा मोडेल. तुलाच यावं लागेल. नवऱ्यालाही आण. फक्त त्याला म्हणावं, डब्याजवळ फुंकू नकोस.