मेटकाफबाईंची वाट

ब्रेकनगिल, यॉर्कशायर
सप्टेंबर १९०७

प्रिय आईस,

मी बरी आहे. तू विणलेले मोजे रोज घालते, खोकलाही रात्रीपुरताच उरलाय. बाबांचा गुडघा कसा आहे?

माझ्या घरमालकीण मेटकाफबाई गेल्या. माळावरून दफनभूमीकडं नि पुढं आपल्या गावाकडं येणाऱ्या जुन्या वाटेला जमीनदारानं यंदा फाटक लावून कुलूप घातलंय, त्याच्या शिकारीचे पक्षी बुजतात म्हणून. पण इथं सगळे मानतात की ज्या वाटेनं प्रेत गेलं, ती वाट कायमची सगळ्यांची. बाई शेवटी म्हणाल्या, "मला सडकेनं नेऊ नका. माळावरून न्या. मेल्यावर तरी कुणाच्या कामी येईन."

पुरुष पुढं आले नाहीत, कारण त्यांची घरं जमीनदाराची. मग आम्ही गिरणीतल्या सहाजणींनी खांदा दिला.

फाटकाशी राखणदार बंदूक घेऊन उभा होता. "मागं फिरा गं पोरींनो, मालकांचा हुकूम आहे."

"मग तो बाईंना सांग," मी म्हटलं. "पेटी इथंच टेकवतो, तुझ्या फाटकाला. मालक शिकारीला आले की तेच बाईंची समजूत काढतील."

त्यानं आधी डोक्यावरची टोपी काढली, मग खिशातली किल्ली.

सोमवारी गिरणीच्या साहेबानं मला बोलावलंय. तो जमीनदाराचा मेहुणा आहे, पण तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. काम गेलं तर घरी येईन, आणि येईन ती माळावरूनच. वाट मेटकाफबाईंची आहे, मी विचारायचं कुणाला?

तुझी हट्टी लेक,
डॉर्कस