जास्तीकडून कमीकडे

३ ऑक्टोबर
...आणि हेही खोटंच, की माझा धाकटा भाऊ गुंडार्स हुशार होता म्हणून शिकला. मी आठवीत शाळा सोडून लाकडाच्या गिरणीत लागलो, म्हणून तो शिकला. वडील गेल्यावर कुणीतरी लागायलाच हवं होतं. यावरून कालही आईशी फोनवर वाजलं. ती म्हणाली, धाकट्यानेच तुला हॉलंडात काम लावलं ना, आता तरी तोंड आवर, अस्वल्या. मला अस्वल्या फक्त तीच म्हणते. गुंडार्सला तिने कधी लाडाचं नाव ठेवलं नाही. तेवढं एक माझ्याकडे जास्त आहे.

असो. पोचलो एकदाचा ग्रोनिंगनला, आणि मजेत आहे. सायकलच्या दुकानावर खोली मिळालीय, खिडकीखाली कालवा. गुंडार्सच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. गरम पाणी, रेडिओ, अंगावर ओरडणारं कुणी नाही. गिरणीपुढे हा स्वर्गच. दर तेरा तारखेला आईला पैसे पाठवायचे, एवढंच बंधन.

७ ऑक्टोबर
आज गुंडार्सने त्याचे बुडबुडे दाखवले. हे लोक हाताने पेशी बनवतात. आत पाण्याचा ठिपका, भोवती चरबीची कातडी, सायीहून कितीतरी पातळ. कातडी सलग असली की आत काही जात नाही आणि बाहेर काही येत नाही, पेशी उपाशीच. म्हणून हा दारं बनवतो. दार म्हणजे एक प्रथिन. चरबीची कातडी दिसली की आपणहून तिच्यात घुसतं आणि भोक पाडतं. मग साखर जिथे जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे वाहते. कोण कुठे जाणार ते ठरवतं कोण, मी विचारलं. तो हसला. म्हणाला, दादा, दार काही ठरवत नाही, ते फक्त उघडं असतं.

बरं वाटलं बोलून. मग मी आमच्या गावच्या वेंटा नदीची गोष्ट काढली. माझ्या पायाखालचा बर्फ फुटला होता आणि वडिलांनी मला केसांना धरून ओढून काढलं होतं. तेव्हा हा जन्मलाही नव्हता. म्हणाला, शंभरदा ऐकलीय रे.

इथल्या प्रमुख विट्स्काबाईंनी एकच गोष्ट बजावली. गुंडार्सच्या भांड्यांना साबण लावायचा नाही. कढईची चरबी साबणाने सुटते, तशी बुडबुड्यांची कातडीही सुटते.

१५ ऑक्टोबर
जेवताना कुणीतरी विचारलं, हा नवा कोण. गुंडार्स ताक पीत होता. पेला खाली न ठेवताच म्हणाला, आमच्या गावाकडचा आहे.

गावाकडचा.

पाव तसाच ताटात टाकून उठलो. संध्याकाळी जाब विचारला, तर म्हणतो, वशिल्याने लावला म्हणतील रे दादा, मार्चमध्ये माझी नेमणूक पक्की होऊ दे, मग सांगतो सगळ्यांना. एकांतात दादा. चारचौघांत गावाकडचा. बुडबुड्यांकडे मात्र असा बघतो, जसं आमच्या घरात कुणी कुणाकडे कधी बघितलं नाही.

२२ ऑक्टोबर
केलं. त्याच्या मोठ्या चंबूत साबणाचा एक थेंब राहू दिला.

दुपारी त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. सगळे बुडबुडे फुटले. विट्स्काबाई म्हणाल्या, कातड्या गेल्या, दारं नुसती पाण्यात मोकळी फिरतायत, फेकून दे. चंबू माझ्याकडेच आला. अंगठ्यापाशी हातमोजा फाटला होता, आणि अंगठा सकाळीच पाव कापताना कापलेला. दिसलं मला. तरी हात बुडवला. गाणं गुणगुणत होतो.

२६ ऑक्टोबर
चहात कितीही साखर घाला, गोडच लागत नाही. गादी रोज ओली. वाळली की तिच्यावर मिठाचा पांढरा थर. मनगट चाटून पाहिलं. गोड.

२ नोव्हेंबर
जेवणाच्या टेबलावर गुंडार्स सांगत होता, की वेंटा नदीवर त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि वडिलांनी त्याला केसांना धरून काढलं. सगळे घास थांबवून ऐकत होते. चोर. शिक्षण घेतलंस, आता हेही. मी उठलो, ते माझं आहे असं सांगायला —

आत काहीच नव्हतं. बर्फ नाही. गारठा नाही. वडिलांचा हात नाही.

खोलीवर येऊन सात तारखेचं पान वाचलं. अक्षर माझं. गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी.

त्याच्याकडे कमी होतं. माझ्याकडे जास्त.

५ नोव्हेंबर
गुंडार्सला अंगठा दाखवला. म्हणाला, ओरखडासुद्धा नाही, कामाचा कंटाळा आला की काय. मग लाजत म्हणाला, हल्ली घर फार आठवतं, आई मला लहानपणी अस्वल्या म्हणायची, तुला काय म्हणायची रे?

पान उलटून पाहिलं. शब्द आहे. पण मला तो हाक मारत नाही.

९ नोव्हेंबर
डुकराची चरबी आणली. अंगभर थापली. जाड कातडी झाली की बंद होईल, असं — चुकलं. चरबी दिसली की दारं आणखी —

१२ नोव्हेंबर
आज त्याने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, हा माझा दादा, लपवलं ते चुकलं माझं. रडत होता. मग कानाशी हळूच म्हणाला, आईने जीव लावला तो तुलाच. त्याच्या डोळ्यांत एक नजर होती, ओळखीची — माझी होती ती.

तो शब्द ऐकायला मी किती — दादा. पुन्हा लिहून पाहतो. दादा. दादा. काय असतं

१३
पैसे पाठवायचा दिवस. कुणाला ते — एक बाई आहे, तिचा आवाज — नाही. गेला.

आकडा तेवढा आहे अजून. त्याच्याकडे पैसे पुष्कळ, म्हणून हा वाहिला नसेल. लिहून ठेवतो, नाहीतर

तीनशे चाळीस यु