बाबांच्या रुमालावरचा लाल

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी पाठ, वहिनीचा खोकला आणि तुमच्या मांजरीचा स्वभाव, तिन्ही सुधारले असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. ठीक म्हणजे बाबांच्या नाकात गाठ निघाली आहे, पण घाबरू नकोस, आधी पूर्ण वाच.

रंगाऱ्याच्या घरात रुमालावर लाल डाग दिसला तर कोण दचकणार? मला वाटायचं, बाबा पिंपातला हात तसाच नाकाला लावतात. (तुझे शाळेचे सदरे आठव.) विचारलं तर तेही ‘रंग आहे’ म्हणायचे. खोटं बोलायला याहून सोयीचा धंदा नाही. मग एकदा रुमाल थंड पाण्यात टाकला आणि डाग सरळ निघून गेला. आपल्या दुकानाचा लाल धुऊन निघाल्याची तक्रार आजोबांच्या काळापासून एकाही गिऱ्हाइकाने केलेली नाही.

नाकाच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीची नळी आत घातली, तर पडद्यावर जांभळट लाल गोळा. बाबा त्या अवस्थेतही म्हणाले, छटा छान उतरली आहे. मी शहाणपणाने विचारलं, तुकडा काढून तपासायचा का? त्यावर बाईंनी मला शांतपणे सांगितलं, की ही रक्तवाहिन्यांची गाठ दिसते, टोचली तर धो धो वाहील. (तेव्हापासून मी गप्प आहे, बाबांना याचाच जास्त आनंद झाला.) मग स्कॅन झालं. गाठ गालामागच्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये आहे. हाड शाबूत, डोळा सुरक्षित. बहुतेक साधीच असावी, नक्की काय ते काढल्यावर कळेल.

उपाय ऐकून मात्र बाबा बिथरले. आधी मांडीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी बुजवायची, आणि दुसऱ्या दिवशी नाकातूनच गाठ काढायची. चेहऱ्यावर टाकासुद्धा नाही. पण नाकाच्या कामाला मांडीतून निघणारी माणसं बाबांनी पाहिली नव्हती, आणि तसं त्यांनी बाईंना ऐकवलं. बाई हसून म्हणाल्या, “काका, वळसा आहे खरा, पण रस्ता पोचतो.”

घरी येऊन ते अडून बसले. मी समजावलं, आत्याने शिव्या घातल्या, उपयोग शून्य. शेवटी पिंप ढवळता ढवळता, माझ्याकडे न बघता म्हणाले, “शुद्धीवर नाही आलो तर? तो तर माझ्याशी बोलतही नाही.”

तो म्हणजे तू. दुकान सोडून तू ऑफिसात गेलास, तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलता, आणि मी दोन्हीकडचे शब्द पाणी घालून पोचवते. असो. आता ते तयार झाले आहेत. सोमवारी दाखल करायचं आहे. बाईंना खात्री वाटते, आणि मलाही वाटू लागली आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. तयार कसे झाले ते राहिलंच. मी सांगितलं, दादाचा फोन आला होता, आवाज भरून आला होता, म्हणाला ऑपरेशन कराच, मी रविवारी येतो. तेव्हा रविवारी ये. आवाजाचं जमेल तसं बघ.

ता. क. २. मी पाकीट शोधत होते तेवढ्यात बाबांनी हे वाचलं. म्हणाले, “फोन आला नव्हता, ते मला तेव्हाच कळलं होतं. त्याला सांगू नकोस. येऊ दे.” तेव्हा तुला यातलं काही माहीत नाही.