काकांच्या कंदिलाचं मेरिट

प्रिय प्रतापकाका,

नमस्कार, आणि आधीच सांगते, रागावू नका.

"यंदा तुमच्या ऑफिसात दिवाळी कधी? कंदिलाच्या काड्या तासायला घेतल्यात," हा तुमचा मेसेज वाचला.

काका, यंदा ऑफिसात दिवाळी नाही. नव्या अमेरिकन सरकारच्या धाकाने आमच्या कंपनीने सगळ्या वंशा-धर्मांच्या लोकांना सामावून घेणारं डायव्हर्सिटी ऑफिस बंद केलं. तेच हो, ज्याची बातमी कळताच तुम्ही फॅमिली ग्रुपवर "अखेर मेरिट जिंकलं!" लिहून फटाक्यांचे इमोजी टाकलेत. या सरकारला मतही त्यासाठीच दिलं होतंत ना? आमची दिवाळी तेच ऑफिस करायचं. दरवर्षी फेटा बांधून कॅफेटेरियात तुम्ही आपल्या अख्ख्या अल्फारेटा गावाला आकाशकंदील शिकवायचात, ते आमंत्रणही तिथूनच यायचं!

हे ऐकून तुमचं तोंड कसं होईल, या विचाराने मी एकटीच हसत सुटले. तेवढ्यात डोरीनचा फोन. ते ऑफिस चालवणारी, तुमच्या हाताखाली कागदाला खळ लावणारी डोरीन. नोकरी गेलीय तिची. मला वाटलं, रडेल. तर म्हणाली, "इला, दिवाळी माझ्या बॅकयार्डमध्ये करू. काका येतील ना? त्यांच्यासारखा कंदील कुणालाच जमत नाही."

तुमचा तो ग्रुपवरचा मेसेज मी तिला सांगितला नाही. हे पत्रही तुम्हाला पाठवत नाही. शनिवारी फेटा बांधून तिच्याकडे या, एवढंच कळवते. नोकरीचं तीच सांगेल, खळ लावता लावता.

आणि काका, हे आमंत्रण मात्र अगदी मेरिटवर आलंय.

तुमची लाडकी, जराशी चिडकी,
इला