एकवीस नंबरचा खिळा

बाबा, तुम्ही चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत लोडर होतात हे माझ्या नवऱ्याला लग्नानंतर बारा वर्षांनी कळलं, आणि तेही ऑस्ट्रेलियातल्या एका उजाड रस्त्यावर, गाडी भरधाव असताना. रागावू नका, आधी पूर्ण ऐका. लग्नाच्या बैठकीत पुण्याच्या सासूबाईंनी विचारलं, वडील काय करायचे? माझ्या तोंडातून निघून गेलं, मायनिंगमध्ये ऑफिसर. तुम्ही नव्हतात, आई नव्हती, मला खोटं पाडणार कोण? पण खोटं एकदा घरात घेतलं की त्याला रोज भाकरी घालावी लागते. मी बारा वर्षं घातली.

आम्ही सिंगापूरला असतो, बेडोकला, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी इंजिनिअर, रोज एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, वन-नॉर्थच्या लॅबमध्ये जाते, नवरा आयटीत आहे, लेक दहा वर्षांची. इथे आमच्याकडे गाडी नाही, आणि असती तरी तासाभरात देश संपतो. म्हणून जूनच्या सुट्टीत नवऱ्याच्या डोक्यात रोड ट्रिप शिरली. त्याला न संपणारा रस्ता हवा होता. अॅडलेडला उतरलो, भाड्याची गाडी घेतली आणि लाल मातीच्या मुलखात पाचशे किलोमीटर आत, एका खाणीच्या गावाला गेलो. नकाशावर त्या गावावर बोट मीच ठेवलं होतं. कारण विचारलं तेव्हा लेकीला पुढे केलं, तिला शाळेत खनिजं शिकवतात म्हणून.

गाव दिसलं. पत्र्याची घरं, रस्त्याच्या टोकाला काढलेल्या मातीचा काळा डोंगर, त्यावर चाकाचा मनोरा. आपली कॉलनीच, फक्त माणसं गोरी आणि फुटपाथ झाडलेले. बंद पडलेल्या एका खाणीत पर्यटकांना खाली नेतात. काउंटरवर साठीच्या पुढची, लोकरीची टोपी घातलेली बाई होती. तिने हेल्मेट आणि दिवे दिले आणि भिंतीवरच्या, नंबरवार खिळे ठोकलेल्या फळ्याकडे बोट दाखवलं. प्रत्येकाने एक बिल्ला काढून खिशात ठेवायचा, वर आल्यावर त्याच खिळ्यावर टांगायचा. गोल, पितळी, मध्ये नंबर. मला एकवीस आला. वजनसुद्धा तुमच्या बिल्ल्याइतकं, बाबा. खाली गाइडने विचारलं, कुणाच्या घरात खाणकामगार होते का? दोन हात वर झाले. माझा झाला नाही.

वर आलो, जेवलो, निघालो. एकशे चाळीस किलोमीटर गेल्यावर माझा हात कोटाच्या खिशात गेला आणि बोटाला एकवीस नंबर लागला. मग मला समोरचा रस्ता दिसेना, आपलं स्वयंपाकघर दिसायला लागलं.

माझा दहावीचा निकाल लागलाय. तुम्ही पहिल्या पाळीवरून तसेच धावत आलात, पापण्यांच्या कडा अजून काळ्या. आई ताट वाढतेय. तुम्ही खिशातून पेढ्यांची पुडी काढता आणि तिच्यासोबत बिल्ला ओट्यावर पडतो. खणकन. भरल्या ताटावरून उठून तुम्ही खाणीकडे अनवाणी पळता. परत आलात तेव्हा मी गाल फुगवून बसले होते. एवढ्याशा पितळेसाठी माझा निकाल टाकून गेलात म्हणून नाही नाही ते बोलले. तुमचा जोडीदार तेवढ्यात तुम्हाला शोधायला पुन्हा खाली उतरला होता, हे मला कुठे माहीत? तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "खिळा रिकामा दिसला तं कोणी ना कोणी खाली उतरते, पोरी. माझ्या इसरण्यापायी दुसऱ्याच्या लेकरानं काहून उतरावं?"

तुम्ही गेल्यावर तो बिल्ला कंपनीत जमा करायला मीच गेले होते. टेबलावर ठेवला आणि बाहेर पडताना मला हलकं वाटलं. चला, तुम्ही कोण होतात ते सांगणारी एकही वस्तू आता घरात उरली नाही. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं असं.

मी नवऱ्याला म्हटलं, गाडी वळव. तो म्हणाला, वेड लागलंय का, उद्या पोस्टाने पाठवू, आणि ती खाण तर बंद आहे, तिथे अडकणार कोण? फोन करावा तर रेंज नाही. काय कारण सांगणार? खरं तेच सांगावं लागलं.

"माझे बाबा ऑफिसर नव्हते. लोडर होते. फावड्याने कोळसा भरायचे."

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. "बारा वर्षं," तो म्हणाला, "अगं, मी माझ्या बॉसला सांगितलंय, सासरे ऑफिसर होते म्हणून." मला हसू फुटलं आणि त्याच्याच मागून रडू. मग मी दोघांना फळ्याचं सांगितलं, तुमच्या अनवाणी पळण्याचं सांगितलं. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "एमआरटीच्या कार्डसारखंच ना, मम्मी? यू नेव्हर टॅप आउट, लाह." बाहेर पडताना कार्ड टेकवलं नाही, तर यंत्राच्या लेखी माणूस आतच असतो. नवऱ्याने गाडी वळवली.  मग पेट्रोल भरताना हळूच विचारलं, एका पाळीत कोळशाचे किती डबे भरायचे गं ते? मला ठाऊक होतं. मला सगळं ठाऊक होतं, बाबा, फक्त कुणी विचारत नव्हतं.

पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ती बाई एकटीच पायरीवर बसली होती, डोक्यावर हेल्मेट, गुडघे मातीने भरलेले. मी बिल्ला पुढे केला. ती म्हणाली, "खाली कुणी नाही हे मला ठाऊक होतं. पण खिळा रिकामा होता, म्हणून एक चक्कर मारून आले." त्या वयात, एकटी, माझ्यापायी. मी माफी मागितली आणि तुमच्याबद्दल सांगितलं. तिने आपल्या चंद्रपूरकडच्या गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं, तिला ते धड म्हणता आलं नाही. फळ्यावर बिल्ला लेकीने टांगला.

सिंगापूरला परत आल्यावर लेकीने वर्गात उभं राहून आपल्या आजोबांचं काम सांगितलं, हातवारे करून. नवऱ्याने रविवारी पुण्याला फोन लावला आणि आपण होऊन सासूबाईंना खरं ते सांगितलं. मी ओट्याशी उभी होते.  त्या म्हणाल्या, एवढ्या कष्टात पोरीला इंजिनिअर केलं त्यांनी? एखादा फोटो असेल तर पाठव. गावाकडून मागवून पाठवलाय, बाबा, तुमचा एकुलता एक, पाळीवरून आल्यानंतरचा.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवीन. एकच गोष्ट राहिली. बिल्ला चुकून खिशात राहिला, असं मी नवऱ्याला सांगितलं, लेकीला सांगितलं, त्या बाईलाही सांगितलं. चुकून राहिला नव्हता. मी फळ्यासमोर उभी राहिले, एकवीस नंबरचा खिळा पाहिला आणि मूठ पुन्हा खिशात घातली. तुमचं म्हणून माझ्याकडे काहीच नव्हतं.