सर्जाची ओळ

३ फेब्रु., मंगळ.
शिट्टी. दुपारी खुर्चीत डोळा लागला आणि परत ऐकू आली. शेवटचा तास, फळ्यावर अर्धी कविता, आणि मैदानातून आमच्या फुटबॉल कोचची, रंगरावची, ती लांबलचक शिट्टी. बाकांखाली पोरांचे पाय हलायला लागायचे. कविता तिथंच संपायची.
जाग आली ती संभाजीच्या हाकेनं. शाळेचा जुना गोलकीपर, आता सत्कार समितीचा सेक्रेटरी. "सर, पंधरा तारखेला रंगराव सरांचा सत्कार हाय. मानपत्र तुमीच लिवायचं. मराठीत तुमच्यासारखं दुसरं कोण हाय?"
फुगलो. हो म्हणालो. मूर्ख.

५ फेब्रु.
'शिस्तीचे शिल्पकार' लिहिलं, खोडलं. खोटं नाही, पण हात चालत नाही. रं.ची पोरं राज्याकडून खेळली. माझ्या हातून एक कवी निघाला नाही. मंडईत लोक त्याच्या पाया पडतात, रस्ता अडतो. मला परवा तिथंच एकानं विचारलं, "सर, तुमी भूगोलाला होता न्हवं?"

८ फेब्रु., रवि.
मॅचला गेलो. मानपत्रासाठी, असं स्वतःला सांगून. शाळा एका गोलनं मागं. तेवढ्यात सगळी गॅलरी उठली—
"चढाला दमू नको, उताराला माजू नको!"
ओळ माझी. आमच्या गावी, कोडोलीला, वडिलांचा सर्जा बैल उसाची गाडी ओढायचा, त्याच्यावरच्या माझ्या कवितेतली. शाळेच्या गॅदरिंगला म्हटली होती. रं.नं उचलली, पन्हाळ्याच्या चढावर पोरं पळवताना ओरडायला लागला. पोरं जिंकत गेली, ओळ त्याची होत गेली.
शेजारचा म्हणाला, "पावणं, वाक्य कुणाचं म्हाईत हाय न्हवं? रंगराव सरांचं!"
मी मान हलवली. का हलवली?
सर्जाची शिंगं किती सुंदर होती. ते कुणाला...

११ फेब्रु.
मानपत्र दिलं. ओळ मुद्दाम गाळली. संध्याकाळी संभाजीचा फोन. "सर, मेन वाक्यच ऱ्हायलं की! सगळ्यात वर टाकायचं, खाली सरांचं नाव. बॅनरवर पण तेच हाय."
"अरे, ती ओळ..." इथवर आलो आणि थांबलो. या वयात एका ओळीसाठी भांडायचं? आणि पटणार कुणाला? बैलाला?
"बघतो," म्हणालो.

१४ फेब्रु., शनि.
उद्या सत्कार. छपाईवाला खोळंबलाय, संभाजीचे फोन उचलत नाही. कागद पुढ्यात. ओळ वर लिहिली, मोठ्या अक्षरात. खाली नावाची जागा रिकामी. त्याचं नाव लिहवत नाही, माझं लिहायला धजत नाही.
बेल वाजली. संभाजीच असणार, म्हणून तोंड वाकडं करूनच दार उघडलं.
रंगराव. इतक्या वर्षांत हा जिना कधी चढला नव्हता. कठड्याला धरून उभा, गुडघे गेलेले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
"मास्तर," धाप लागलेली, "तुमच्या त्या सर्जाच्या कवितेत पुढली ओळ काय हुती हो? उद्या भाषणात म्हणायची हाय."
सर्जाचं नाव लक्षात आहे याच्या! म्हणजे उद्या माईकवर सांगणार, ओळ कुणाची ते? की आता दुसरीही नेणार?
बस म्हणालो, चहा टाकला. तो बाहेर बसलाय, मी आत हे खरडतोय. पुढली ओळ जिभेवर आहे. चहा उतू चाललाय.